माणसं १९, सह्या ११२

ग्रामविकासाच्या कामात नव्याने उतरलेल्यांना बंधित-अबंधित निधी काय, आराखडा कसा भरायचा, हे मी सांगत बसत नाही. ते प्रशिक्षणात कळतं. मला बोलायचंय ते प्रोसिडिंग बुकाबद्दल, म्हणजे ग्रामसभेचे ठराव आणि हजर लोकांच्या सह्या ज्यात असतात त्या रजिस्टरबद्दल. माझी फजिती तिथे झाली आणि अजून जानेवारी आला की पोटात गोळा येतो.

गाव बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातलं. बहात्तरच्या दुष्काळात खोदलेला पाझर तलाव गाळाने निम्मा भरलेला. तो गाळ काढून शेतांत टाकायचा, हे आमचं काम. निम्मं गाव ऊसतोडीला. दिवाळी झाली की गाड्या निघतात, त्या गुढीपाडव्याच्या मागेपुढे परततात. पोकलेनचे पैसे एका कंपनीच्या सीएसआरमधून (सामाजिक कामाच्या निधीतून), ट्रॉल्यांचा खर्च शेतकऱ्यांचा, देखरेख आमच्या संस्थेची आणि ठराव ग्रामसभेचा. कागदावर सगळी भागीदारी देखणी दिसत होती.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांनी जिलबी खाल्ली, लोक पांगले. ग्रामसभेच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांतलं जे कमी तेवढे लोक लागतात. तेवढे नव्हते, सभा तहकूब. पुन्हा भरली तेव्हा आले १९ जण. खुर्चीवर सरपंचबाई, बोलत होते त्यांचे यजमान.

आता नीट ऐका, पाय घसरतो तो इथे. तहकूब झालेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. आधीच्याच विषयपत्रिकेवरचे विषय असतील तर १९ माणसांतही ठराव होतो. पुन्हा सांगते, होतो. माझा ठराव कायद्याने पक्का होता, त्याला हात लावायची काही गरज नव्हती. पण आमच्या संस्थेच्या कार्यालयातून फोन आला, "एवढ्याच सह्या? निधी देणाऱ्यांना काय दाखवायचं?" आणि एमएसडब्ल्यूला (समाजकार्याच्या पदव्युत्तर शिक्षणात) लोकसहभागावर प्रकल्प लिहिलेली मी शिपायाला म्हणाले, "मामा, रजिस्टर जरा घरोघर फिरवून आणता का?"

संध्याकाळी ११२ सह्या झाल्या होत्या. घरी जो सापडला त्याने भावाची केली, भावजयीची केली. एका पानावर तर खालपर्यंत एकच निळं पेन आणि एकच वळण. मला ते दिसलं होतं. मी पान उलटलं.

गाड्या परतल्या तोवर गाळ कुणाला किती, ही यादी ठरून गेली होती. यादीत कोण, तर जे हिवाळ्यात गावात होते ते. दुसऱ्या गटाने गटविकास अधिकाऱ्यांकडे अर्ज टाकला की सह्या केलेली इतकी माणसं त्या दिवशी कोल्हापूरकडे फडात होती. पुरावा म्हणून मुकादमाची, म्हणजे तोडणीला टोळ्या नेणाऱ्याची, उचलीची (आगाऊ दिलेल्या पैशांची) वही जोडली. चौकशी लागली, काम थांबलं. पोकलेन तीन दिवस भाडं खात उभं राहिलं आणि चौथ्या दिवशी दुसऱ्या गावाला गेलं. मग पाऊस आला.

एका म्हातारीला तिच्या नावापुढची सही दाखवली. ती हसली. "म्याडम, मी अंगठा लावते. सही कधी शिकले?" ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

तुमच्याकडून असं काही झालं, तर नोकरी सोडून पळू नका. गाव तुम्हाला वाटतं तितकं डूख धरून बसत नाही. पण सारवासारव केलीत तर मात्र संपलात. मी १ मेच्या ग्रामसभेत उभी राहिले आणि रजिस्टर मीच फिरवायला लावलं हे सांगितलं. शिव्या बसल्या. त्याच सभेत यादी रद्द झाली. त्याआधी महिला सभा घेतली होती, कायद्याने घ्यायचीच असते, आम्ही नेहमी फोटोपुरती घ्यायचो. त्या दिवशी बायकांनी ज्यांचं शेत तलावापासून लांब, त्यांना ट्रॉली परवडत नाही हा मुद्दा काढला. आमच्या एकाही अहवालात तो नव्हता. गाळ निघाला पुढच्या उन्हाळ्यात.

मार्गदर्शकांबद्दल माझं मत जरा वाकडं आहे. पुण्याहून येऊन रंगीत कार्डांवर 'स्टेकहोल्डर मॅपिंग' (कामाशी कुणाकुणाचा संबंध येतो त्याची मांडणी) शिकवणाऱ्यांच्या एकाही कार्डावर मुकादम नव्हता. निम्मी मतं ज्याच्या उचलीत अडकलेली, तो कार्डावर नाही! ग्रामसेवकाला मी कामचुकार समजत होते. त्याच्याकडे तीन गावं होती. नंतर तो म्हणाला, "मला विचारलं असतं तर १९ वरच रेघ मारून सही केली असती." आता सभा संपली की ठराव मोठ्याने वाचायचा, शेवटच्या सहीखाली रेघ ओढायची, मगच वही मिटायची. एवढं एक तरी करा. कार्यालय चिडलं तर चिडू द्या.

आणि आदर्श गावांच्या सहली जपून काढा. हिवरे बाजार बघून आलेले लोक चार दिवस भारावतात आणि पाचव्या दिवशी 'आपल्याकडं पोपटराव नाहीत' म्हणून मोकळे होतात; पोपटराव पवार म्हणजे ते गाव घडवणारे सरपंच. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा सगळ्यांना पाठ असते. तिथे निर्णय सर्वसहमतीने होतात आणि त्यामागे अभ्यासगटांच्या किती बैठका आहेत, ते कुणी विचारत नाही. २००९ साली त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, तो एका सभेत मिळालेला नाही. तुमच्या प्रकल्पाची मुदत अकरा महिन्यांची असेल तर वरिष्ठांना हे आधीच सांगून ठेवा. ऐकणार नाहीत, तरी सांगा.

यंदा गाळाचा विषय ग्रामसभेत कधी घ्यायचा हे ठरवण्याआधी मुकादमाला फोन लावला. पलीकडे मोळ्या भरत असल्याचा आवाज. "ताई, कारखाना लांबलाय. पाडव्यानंतर आठ दिवस धरा." गाळाचा विषय तेवढा पुढे ढकलायला सांगितला. सरपंचांचे यजमान अजून फुगलेले आहेत.