नीटचे गुण वाढवायचे असतील तर सोडवलेला पेपर पुन्हा उघडावा

नीट ही एमबीबीएससारख्या वैद्यकीय अभ्यासक्रमांच्या प्रवेशाची परीक्षा. त्या प्रवेशासाठी बारावीचे गुण किती लागतात, हे आधी नक्की करून त्या काळजीतून मोकळे व्हावे. खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून 50 टक्के, तर आरक्षित प्रवर्गातील विद्यार्थ्याला 40 टक्के गुण लागतात. शिवाय इंग्रजीसह या प्रत्येक विषयात उत्तीर्ण व्हावे लागते. राज्य मंडळात या तीन विषयांचे लेखी आणि प्रात्यक्षिक मिळून 300 गुण असतात, म्हणजे खुल्या प्रवर्गासाठी 150 पुरेसे आहेत. एमबीबीएसची गुणवत्ता यादी मात्र नीटच्या 720 गुणांवरच लागते.

अभ्यासक्रम राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाच्या यादीवरून पाहावा, आधीच्या तुकडीकडून मिळालेल्या नोट्सवरून नव्हे. 2024 च्या परीक्षेपासून रसायनशास्त्रातील सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर ही प्रकरणे त्यातून गेली आहेत. जीवशास्त्रासाठी एनसीईआरटीची अकरावी-बारावीची पुस्तके आकृत्यांखालच्या ओळींसह वाचावीत.

खरी अडचण सराव परीक्षा सुरू झाल्यावर येते. पेपरमागून पेपर सोडवूनही गुण एकाच आकड्याभोवती का घुटमळतात, हे विद्यार्थ्यांना समजावून सांगण्याची रीत हाती यायला मलाही बराच काळ लागला. ‘रोज एक पेपर सोडवा’ हा सल्ला मी आता ऐकूनही घेत नाही. तीन तासांच्या पेपरने गुण मोजले जातात, वाढत नाहीत. ते वाढतात त्यानंतरच्या तीन-चार तासांत, आणि नेमके तेच तास उत्तरतालिकेशी पडताळा करून, एकूण गुण घरी सांगून संपवले जातात. आठवड्याला एक पेपर आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ पूर्णपणे त्याच पेपरसाठी, हे प्रमाण बहुतेकांना पुरते.

आधी हिशेब पाहावा. बरोबर उत्तराला 4 गुण मिळतात, चुकीच्या उत्तराचा 1 जातो. 140 उत्तरे बरोबर, 35 चूक आणि 5 प्रश्न सोडलेले असतील तर 525 गुण होतात. त्या 35 पैकी केवळ 10 उत्तरे बरोबर आली, तर एकही नवे प्रकरण न शिकता गुण 575 वर जातात, कारण चुकीचे उत्तर बरोबर झाले की फरक 5 गुणांचा पडतो.

म्हणून पेपर सोडवतानाच प्रत्येक प्रश्नासमोर पेन्सिलने खूण करावी: खात्री असेल तर काहीच नको, दोन पर्यायांत अडकलो असू तर एक टिंब, निव्वळ अंदाज असेल तर दोन टिंबे. पेपर संपल्यावर ही खूण करण्यात अर्थ नाही. उत्तर कळल्यानंतर प्रत्येकाला ‘हे मला येतच होते’ असे वाटू लागते, आणि ही स्वतःची फसवणूक सर्वांत महाग पडते.

दुसऱ्या दिवशी, उत्तराचे स्पष्टीकरण न वाचता, चुकलेला प्रत्येक प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवावा. या वेळी तो सुटला तर चूक ज्ञानाची नव्हती. ती वाचनाची, आकडेमोडीची किंवा घाईची होती. ‘अयोग्य विधान ओळखा’ असे विचारलेले असताना योग्य विधान निवडणे, चौरस सेंटिमीटरचे चौरस मीटर करताना 10 च्या उणे चौथ्या घाताऐवजी उणे दुसरा घात लिहिणे, विधान आणि कारण दोन्ही खरी आहेत एवढ्यावरच थांबून कारण त्या विधानाचे स्पष्टीकरण देते का हे न पाहणे, अशा चुका वहीत त्यांच्या नेमक्या नावाने लिहाव्यात. ‘सिली मिस्टेक’ हा शब्द त्या वहीत येऊ देऊ नये, कारण तो लिहिल्यावर शोधायला काही उरत नाही. दुसऱ्यांदाही सुटला नाही तर मात्र पुस्तक उघडून ते पान वाचावे. संपूर्ण प्रकरण पुन्हा वाचणे ही बहुतेक वेळा पळवाट असते.

आता अंदाजाच्या उत्तरांविषयी. ‘शंका आली की प्रश्न सोडून द्या’ हा उपदेश गणिताला धरून नाही. पाचांपैकी एक उत्तर जरी बरोबर आले तरी 4 मिळतात आणि 4 जातात, म्हणजे नुकसान नाही. दोन पर्याय खात्रीने बाद झाले असतील तर प्रत्येक प्रश्नामागे सरासरी दीड गुणाचा फायदा असतो. मात्र चुकीचे पर्याय अर्धवट वाचलेल्या विद्यार्थ्याला भुरळ पडावी असेच रचलेले असतात. त्यामुळे पुस्तकी सरासरीवर विसंबू नये, स्वतःची मोजावी. चार-पाच पेपरांतील एका टिंबाचे आणि दोन टिंबांचे प्रश्न विषयवार वेगळे काढून त्यांतले किती बरोबर आले ते पाहावे. एखाद्या विषयात हे प्रमाण पाचात एकापेक्षा कमी असेल तर तेथे हात आवरावा. जास्त असेल तर निःशंकपणे उत्तर द्यावे.

वेळेचे नियोजन त्यामानाने सोपे आहे. 2025 मध्ये ऐच्छिक प्रश्न गेले आणि 180 प्रश्नांना 180 मिनिटे उरली. जीवशास्त्राचे 90 प्रश्न पाऊण तासात उरकून वाचलेला वेळ भौतिकशास्त्राला द्यावा. ओएमआर उत्तरपत्रिकेवरचे गोल पानागणिक भरावेत. मराठी प्रश्नपत्रिका घेणाऱ्यांनी शब्द अडला की शेजारचा इंग्रजी मजकूर पाहावा, कारण भाषांतरात संदिग्धता असल्यास इंग्रजीच ग्राह्य धरली जाते.

चुकांच्या वहीतील प्रश्न दोन आठवड्यांनी पुन्हा सोडवावेत, सुटतील ते खोडावेत. शेवटच्या आठवड्यात नवा पेपर हाती घेऊ नये. न खोडलेले प्रश्न तेवढे पाहावेत.