पक्षीवाल्यांच्या ग्रुपातून पतंगवाल्यांचा कंपू कसा जमवायचा

पतंग म्हंजे मॉथ हां, संक्रांतीचे नाही.

पक्षी बघणाऱ्यांच्या कुठल्याही ग्रुपात पावसाळ्यात एकदा तरी हा फोटो येतोच, तगरीवर बोटाएवढी हिरवीगार अळी, मागे शिंग, पुढे दोन निळे डोळे, आणि खाली प्रश्न, "हे काय आहे, चावतं का?" पक्षीवाले गप्प. कोणीतरी ठोकून देतं की फुलपाखराची असेल. नसते, ओलिअँडर हॉकमॉथ नावाच्या पतंगाची असते, कण्हेर तगर सदाफुली खाते, ते डोळे नुसते ठिपके असतात आणि चावत बिवत काही नाही. आता त्या फोटोवर जे दोघं-तिघं अडकून पडतात ना, ते तुमचे लोक, त्यांना हेरून ठेवा.

लगेच वेगळा ग्रुप काढू नका. मी काढला होता, चाळीस जणांना ओढलं, दोन महिन्यांत तिथे गुड मॉर्निंगची गुलाबं तेवढी उरली. आधी चादर टाका.

चादर म्हंजे खरंच चादर, पांढरी, गच्चीत नाहीतर कोणाच्या शेतावर दोरीला टांगायची आणि समोर बल्ब, उजेडाला पतंग येतात आणि चादरीवर बसतात. १६० वॅटचा मर्क्युरी मस्त चालतो पण जाम तापतो, वर पावसाचे थेंब पडले तर फुटू शकतो, म्हणून आडोसा बघा, आणि त्याच्याकडे टक लावून बघत बसू नका. अमावस्येच्या आसपासची रात्र धरा, जून ते ऑक्टोबर, पाऊस पडून गेल्यावर हवा दमट असते तेव्हा तर पतंगांची गर्दी होते. सोसायटीत असाल तर वॉचमनला आधी सांगून ठेवा, रात्री दहाला चादरीसमोर बॅटऱ्या घेऊन सातआठ जण उभे दिसले की लोकांना भलतंच वाटतं. आणि बाराच्या सुमारास लाइट बंद, रात्रभर ठेवला तर पतंग तिथेच बसून राहतात आणि सकाळी बुलबुल-कोतवाल येऊन नाश्ता करून जातात (पक्षीवाल्यांना हे आवडतं, तो भाग वेगळा).

चार अमावस्या तेच तेच लोक आले की मग ग्रुप काढा.

खरी अडचण नावांची. भारतात फुलपाखरं १३०० च्या वर जातींची, पतंग मात्र १०,००० च्या वर, आणि बहुतेकांना मराठी नावच नाही. त्यामुळे नवा माणूस पहिल्याच दिवशी लॅटिन ऐकून पळतो. त्याला आधी मोठ्या गटापर्यंत थांबायला शिकवा, हा हॉकमॉथ, हा टायगर मॉथ, बास, बाकी फोटो तारीख-जागेसकट आयनॅचरलिस्टवर टाकायचा (फोटोवरून जात ओळखायला मदत करणारं अ‍ॅप). आपापसातली टोपणनावं पडतातच, पडू द्या, फक्त नव्यासमोर खरं नाव पण सांगा.

जुन्या ग्रुपाशी भांडू नका, तुमची नवी माणसं तिथूनच येणार. जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात नॅशनल मॉथ वीक असतो, २०१२ पासून, सुरू झाला अमेरिकेत पण आता आपल्याकडेही करतात, त्यातल्या एका रात्री सगळ्या पक्षीवाल्यांना पोराबाळांसकट बोलवा.

दुसऱ्या वर्षी तुमच्यातच फूट पडेल. कॅमेरावाल्यांना पतंग हलवून नीट बसवायचा असतो, अळीवाले त्यावरून भडकतात, त्यांना डब्यात अळी पाळून रोज ताजा पाला घालायचा असतो आणि कोशातून काय निघतं ते बघायचं असतं. समेट घडवत बसू नका. आमच्या अळीवाल्यांनी सरळ वेगळी चूल मांडली, अमावस्येला मात्र अजून येतात, येताना डबे आणतात, फक्त कुठल्या डब्यात पोहे आणि कुठल्यात अळ्या हे विचारूनच झाकण उघडायचं.