घोळ: ओळखावी कशी, खुडावी केव्हा आणि शिजवावी कशी

पेरलेल्या वाफ्यात, कुंडीच्या कडेला किंवा फरसबंदीच्या फटीत जमिनीलगत पसरणारी, लालसर देठांची आणि जाड, गुळगुळीत पानांची घोळ बहुतेक जण उपटून टाकतात. शेतीच्या दृष्टीने ते बरोबरही आहे, कारण जगभरातील चिवट तणांत तिची गणना होते आणि एकच रोप हजारो बिया सोडते. मात्र उपटलेली घोळ फेकण्याऐवजी स्वयंपाकघरात नेली, तर पालेभाज्यांत सहसा न मिळणारे काही घटक तिच्यातून मिळतात. हे गुण पानांत किती आहेत आणि त्यांपैकी आपल्या अंगी किती लागतात, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट बऱ्याच अंशी आपण ती कशी शिजवतो आणि कशाबरोबर खातो यावर ठरते, म्हणून पोषणमूल्यांच्या जोडीने कृतीचाही विचार येथे केला आहे.

ओळख

घोळीचे शास्त्रीय नाव पोर्टुलाका ओलेरेशिया असे आहे. कार्ल लिनियस याने १७५३ साली ते नोंदवले. त्यातील दुसऱ्या शब्दाचा अर्थच 'भाजीची' असा होतो. तिचे देठ गोल, रसरशीत, केसविरहित आणि बहुधा तांबूस असतात. पाने चमच्याच्या आकाराची, टोकाकडे रुंद व गोलसर असून फांदीच्या शेंड्याशी त्यांचा लहानसा झुपका दिसतो. फुले पिवळी, साधारणतः पाच पाकळ्यांची आणि अगदी लहान असतात. ती उन्हात काही तासच उमलतात, त्यामुळे दुपारनंतर शोधणाऱ्याला फुलेच नाहीत असे वाटू शकते. बोंड पिकल्यावर डबीचे झाकण उघडावे तसे त्याचे वरचे टोपण सुटते आणि आतून बारीक काळ्या बिया सांडतात. चिवळ म्हणून ओळखली जाणारी बारीक पानांची भाजी ही तिची जवळची नातलग असली, तरी ती वेगळी वनस्पती आहे.

खुडण्यापूर्वी एक परीक्षा न चुकता करावी. देठ मोडून पाहावा. घोळीतून पाण्यासारखा पारदर्शक रस येतो. पांढरा, दुधासारखा चीक आला तर ती घोळ नाही. ती नायटीच्या कुळातील वनस्पती असण्याची शक्यता असते. हा चीक त्वचेला आणि पोटाला त्रासदायक असतो. नायटीसारख्या या वनस्पतीही जमिनीलगत पसरतात आणि बऱ्याचदा घोळीच्या शेजारीच उगवतात, त्यामुळे एक देठ तपासून पूर्ण जुडी घोळीची आहे असे मानू नये. त्यांचे देठ तारेसारखे बारीक व अनेकदा लवदार असतात आणि पाने पातळ असतात, हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुन्हा गफलत होत नाही. विषखापरा ही दुसरी फसवी वनस्पती. तिचीही पाने मांसल असतात, पण ती समोरासमोरच्या जोडीने येतात, जोडीतले एक पान मोठे व दुसरे लहान असते, आणि फूल पिवळे नसून पांढरे किंवा गुलाबी असते. शंका असेल तेव्हा फूल येईपर्यंत थांबावे, आणि तरीही खात्री पटत नसेल तर ती वनस्पती खाऊ नये.

जागेची निवडही ओळखीइतकीच महत्त्वाची आहे. घोळ जमिनीतील क्षार सहज शोषून घेते, म्हणूनच खारवट जमिनीतही ती तग धरते. पण त्याच सवयीमुळे दूषित जमिनीतील जड धातूही तिच्यात साठू शकतात. रहदारीच्या रस्त्याची कड, सांडपाण्याचा नाला, कारखान्याजवळची पडीक जागा आणि तणनाशक फवारलेले शेत येथील घोळ कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नये. धुण्याने माती निघते, पण वनस्पतीच्या पेशींत शिरलेले धातू निघत नाहीत.

पानांत काय आहे

कच्च्या घोळीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ९३ ग्रॅम पाणीच असते आणि त्यातून मिळणारी ऊर्जा जेमतेम २० किलोकॅलरी असते. त्यात प्रथिने सुमारे २ ग्रॅम, पोटॅशियम ४९० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम ६५ ते ७० मिलिग्रॅम, लोह सुमारे २ मिलिग्रॅम आणि सी जीवनसत्त्व २० मिलिग्रॅमच्या थोडे वर आढळते. जमीन, ऋतू आणि रोपाचे वय यांनुसार हे आकडे बरेच बदलतात, म्हणून त्यांकडे अंदाज म्हणूनच पाहावे. यांपैकी मॅग्नेशियम आणि पोटॅशियम यांचे प्रमाण खरोखर चांगले आहे. लोहाचे मात्र फार कौतुक करू नये, कारण वनस्पतींतील लोह शरीरात थोडेच शोषले जाते. शिजवलेल्या भाजीवर लिंबू पिळल्यास त्या शोषणाला मदत होते.

घोळीची ख्याती झाली ती ओमेगा-३ मेदाम्लामुळे. १९९२ साली आर्टेमिस सिमोपोलस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १०० ग्रॅम ताज्या पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल, म्हणजे वनस्पतींत आढळणारे ओमेगा-३, आणि सुमारे १२ मिलिग्रॅम अल्फा-टोकोफेरॉल, म्हणजे ई जीवनसत्त्व, आढळले. पालेभाजीच्या मानाने हे दोन्ही आकडे मोठे आहेत. पालक त्याबाबत तिच्या बराच मागे राहतो. प्रौढ स्त्रीला दिवसाला सुमारे १.१ ग्रॅम आणि पुरुषाला १.६ ग्रॅम अल्फा-लिनोलेनिक आम्ल पुरेसे मानले जाते, म्हणजे १०० ग्रॅम पानांतून त्याचा पाचवा ते तिसरा हिस्सा मिळू शकतो. मात्र या गुणाचे वर्णन करताना घोळ माशांच्या तेलाची जागा घेते असे जे सर्रास लिहिले जाते, ते मला पटत नाही. माशांतील ओमेगा-३ वेगळ्या स्वरूपाचे असते. आपले शरीर वनस्पतींतील आम्लापासून ते तयार करते खरे, पण फार थोड्या प्रमाणात. घोळीचे ओमेगा-३ आहारात असणे चांगलेच. त्यासाठी तिला मासा ठरवण्याची गरज नाही.

देठांचा लाल रंग बीटामध्ये असतो त्याच वर्गातील रंगद्रव्यांमुळे येतो. ही द्रव्ये ऑक्सिडीकरण रोखणारी असली तरी पाण्यात विरघळतात आणि फार वेळ उष्णता दिल्यास नष्ट होतात. पानांतील बुळबुळीतपणा जलद्राव्य तंतूंमुळे येतो आणि असे तंतू आतड्यांना उपकारक असतात. रक्तातील साखर आणि मेद यांवर घोळीचा काय परिणाम होतो, हे तपासणाऱ्या काही लहान चाचण्या झाल्या आहेत आणि त्यांपैकी काहींत थोडी सुधारणाही दिसली आहे, परंतु तेवढ्या आधारावर मधुमेहाचे औषध कमी करणे किंवा बंद करणे धोक्याचे आहे.

उणी बाजू

घोळीत ऑक्झॅलेट, म्हणजे ऑक्झॅलिक आम्लापासून बनणारा क्षार, भरपूर असते. १०० ग्रॅम ताज्या पानांत ते १ ग्रॅमच्या घरात किंवा त्याहून अधिक असू शकते, म्हणजे या बाबतीत ती पालकाच्या पंगतीत बसते. ऑक्झॅलेट कॅल्शियमला घट्ट धरून ठेवते, त्यामुळे घोळीतील कॅल्शियमचे आकडे कागदावर बरे दिसले तरी ते जमेस धरू नयेत. पालकातील कॅल्शियमपैकीही जेमतेम ५ टक्के शरीरात शोषले जाते. कॅल्शियमला न जोडलेले, विरघळणारे ऑक्झॅलेट आतड्यांतून रक्तात आणि तेथून मूत्रपिंडांत पोहोचते. मोठ्या प्रमाणात घोळ खाल्ल्यानंतर मूत्रपिंडांत ऑक्झॅलेटचे स्फटिक साचून इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

म्हणून ज्यांना कॅल्शियम ऑक्झॅलेटचा मूतखडा होऊन गेला आहे त्यांनी घोळ टाळावी. ज्यांचे मूत्रपिंड नीट काम करत नाही त्यांनीही ती टाळावी, कारण त्यांच्यासाठी तिच्यातील पोटॅशियमही अडचणीचे ठरते. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की हिरव्या पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असते. तेव्हा आज पातेलेभर आणि मग महिनाभर काहीच नाही, असे न करता डॉक्टरांना विचारून प्रमाण स्थिर राखावे. गरोदरपणात घोळीचे अर्क, चूर्णे किंवा बियांची औषधे स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. निरोगी माणसाने एका वेळी साधारण १०० ग्रॅम कच्च्या पानांची भाजी आठवड्यातून दोनदा, इतर पालेभाज्यांबरोबर आलटून पालटून खावी, असे मला योग्य वाटते. रोज पेलाभर कच्चा रस पिण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मुळीच मानू नये, कारण रसाच्या रूपाने एरवी ताटात मावणार नाही एवढी भाजी दोन घोटांत पोटात जाते.

खुडण्याची वेळ

घोळीची चव वेळेनुसार बदलते. पाणी मुबलक असताना ती मक्यासारख्या पद्धतीने प्रकाशसंश्लेषण करते. दुष्काळ पडला की निवडुंगाप्रमाणे रात्री रंध्रे उघडून कार्बन डायऑक्साइड घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. या दोन्ही पद्धती तिच्या पानातील त्याच पेशींत एकत्र चालतात, असे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. स्वयंपाकासाठी याचा अर्थ सरळ आहे: कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ चांगलीच आंबट लागते, आणि तीच दुपारनंतर खुडली तर सौम्य लागते, कारण रात्री साठलेले आम्ल दिवसभरात वापरले गेलेले असते. नियमित पाणी मिळणाऱ्या रोपांत हा फरक कमी जाणवतो. ज्या मुलांना आंबट भाजी नको असते त्यांच्यासाठी संध्याकाळची घोळ घ्यावी.

फुले येण्यापूर्वीचे, वितभर लांबीचे कोवळे शेंडे सर्वांत चांगले. बोंडे धरल्यावर देठ चिवट होतात आणि बिया दातांखाली वाळूसारख्या येतात.

निवडणे, धुणे आणि शिजवणे

जमिनीलगत वाढल्यामुळे पानांच्या बेचक्यांत माती अडकलेली असते. जुडी मोठ्या भांड्यातील पाण्यात बुडवून हलवावी, माती तळाशी बसू द्यावी आणि भाजी वरून उचलून घ्यावी. पाणी ओतून भाजी गाळली तर बसलेली माती पुन्हा तिच्यावरच येते. स्वच्छ पाण्यात हे तीन वेळा करावे. कोवळे देठ पानांसह ठेवावेत. पानांपेक्षा देठांत ऑक्झॅलेट कमी असते, त्यामुळे ते फेकण्यात काही शहाणपण नाही.

कच्ची खायची असल्यास मूठभर पाने पुरेत, आणि ती दह्यात कालवून खावीत. दह्यातील कॅल्शियम विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटला आतड्यांतच बांधून ठेवते, त्यामुळे त्याचे शोषण घटते. तेव्हा दही येथे केवळ चवीसाठी नाही. कच्च्या पानांत सी जीवनसत्त्व पूर्ण राहते, हा या पद्धतीचा फायदा.

जास्त प्रमाणात खायची असेल तर भरपूर उकळत्या पाण्यात दोन ते तीन मिनिटे ठेवून निथळून घ्यावी आणि ते पाणी टाकून द्यावे. त्या पाण्याबरोबर विरघळणाऱ्या ऑक्झॅलेटचा मोठा भाग जातो, पण सी जीवनसत्त्व, पोटॅशियम आणि लाल रंगद्रव्येही काही प्रमाणात जातात. पालेभाजी उकळलेले पाणी सूपात घालण्याची एरवीची चांगली सवय येथे मात्र सोडावी. नंतर थोड्या तेलात लसूण परतून त्यात ही निथळलेली घोळ मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटे परतावी. तेल अगदी वगळू नये, कारण बीटा-कॅरोटीन (ज्यापासून शरीर ए जीवनसत्त्व बनवते) आणि ई जीवनसत्त्व मेदाबरोबरच नीट शोषले जातात. झाकण ठेवून मंद आचेवर शिजवली तर पाणी सुटते आणि भाजी बुळबुळीत होते. ज्यांना तो गुण हवा असेल त्यांनी ती डाळीत किंवा सूपात घालावी, तेथे तिच्यामुळे दाटपणा येतो. मीठ शेवटी आणि हात राखून घालावे, कारण भाजी आळून तिसऱ्या हिश्शाएवढी उरते आणि तिची स्वतःचीही किंचित खारट-आंबट चव असते.

ताजी घोळ न धुता कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्यास तीन-चार दिवस टिकते. वाळवण्याचा खटाटोप सहसा फसतो, कारण तिच्या देठांतील पाणी लवकर हटत नाही; उपटलेले रोप उन्हात पडून राहिले तरी त्यावरची बोंडे पिकत राहतात. साठवायचीच असेल तर उकळत्या पाण्यातून काढून, गार करून, पिळून गोठवावी.

निवडताना उरलेले जाड देठ ओल्या मातीत खोचले तर पेरांतून मुळे फुटतात. बियांपासून लावायची असेल तर त्या मातीवर नुसत्या भुरभुराव्यात, पुरू नयेत, कारण त्यांना रुजण्यासाठी उजेड आणि ऊब लागते. उबदार हवेत पाच-सहा आठवड्यांत पहिली कापणी मिळते; कापताना बुडाशी दोन-तीन पेरे राखावीत, म्हणजे तेथून नवे शेंडे येतात. बोंडे उघडण्यापूर्वी ती खुडून टाकावीत, नाहीतर पुढच्या हंगामात शेजारच्या सगळ्या कुंड्यांत घोळच घोळ होईल.