कच्छच्या रणातून बाईक आली? आधी मागचं लिंकेज उघडा

दर हिवाळ्यात बडोद्यातून बाईक कच्छला जातात. पाटडी, खाराघोडा, छोट्या रणातला चिखल, मग खावडा, धोलावीरा, आठ-दहा दिवसांनी परत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थेट वॉशिंग सेंटर. प्रेशर गन मारली, बाईक चकाचक झाली, फोटो टाकला, संपलं. तिथेच चुकतं. लडाखहून आलेल्या बाईकला धूळ असते, रणातून आलेल्या बाईकला मीठ असतं, दोघींची सर्व्हिस एक नाही.

मीठ तिथल्या कोरड्या हवेत गप्प बसतं. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठसुद्धा स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि रणातल्या मिठात मॅग्नेशियमचे क्षार असतात ते तर त्याच्या बऱ्याच आधी पाघळतात. म्हणजे जानेवारीत बेअरिंगमधे राहिलेलं मीठ खरं काम सुरू करतं ते जुलैत, आपल्या पावसाळ्यात, तोवर आपण ट्रिप विसरलेलो असतो.

धुणं. इंजिन गार झालं की बॅश प्लेट (इंजिनखालची संरक्षक पत्र्याची प्लेट) काढा, तिच्या आत चिखलाचा थर असतोच, आणि साध्या बागेच्या पाइपने भरपूर पाणी हळू हळू खालच्या बाजूने सोडा, अर्धा तास लागला तरी चालेल. सोसायटीत बोअरचं पाणी खारट असेल तर शेवटचं पाणी नळाचं घ्या, बादलीने का होईना. प्रेशर गन ॲक्सल, स्विंगआर्मचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचा) पिव्हट, लिंकेज (मागचा शॉक आणि स्विंगआर्म यांना जोडणारे सांधे) आणि हँडलच्या नेकजवळ अजिबात नको. तिथले सील उडणारं पाणी अडवतात, जोरात मारलेला झोत अडवत नाहीत, उलट तो झोत बाहेरचं मीठ आत ढकलतो.

चेन केरोसीन आणि मऊ ब्रशने साफ करून ल्यूब, तारेचा ब्रश नको, चेनमधल्या रबरी ओ-रिंग कापल्या जातात. कागदी एअर फिल्टर धूत बसू नका, नवा टाका. स्पोक पान्याने हलके वाजवून बघा, जो बद्द वाजेल तो सैल. ब्रेक पॅड काढून कॅलिपरच्या पिना पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा. ऑइल बदला. हे सगळं एका दुपारचं काम आहे.

आता लिंकेज. हिमालयन, एक्सपल्स या बाईकना मागे मोनोशॉकखाली (मागच्या एकुलत्या शॉक ॲब्सॉर्बरखाली) लिंकेज असतं (केटीएमच्या ३९० ॲडव्हेंचरला नाही, तिथे शॉक सरळ स्विंगआर्मला लागतो, त्यांनी शॉकची दोन्ही टोकं आणि पिव्हट तरी बघावेत). चिखल सगळ्यात जास्त इथेच बसतो आणि इथे कोणी हात घालत नाही. पहिल्या ट्रिपनंतर मीपण नाही घातला. ऑगस्टमधे स्पीड ब्रेकरवर मागून करकर यायला लागली, गॅरेजवाल्याने आधी 'चालशे' म्हटलं, मग शॉक गेला म्हणून नवा शॉक घ्यायला सांगितला. मी हट्टाने लिंकेज खोलायला लावलं तर शॉक ठीक होता, आतली सुयांची बेअरिंग गंजून तपकिरी भुगा झालेली, आणि एक बोल्ट आतल्या बुशला (बेअरिंगमधल्या नळीला) असा चिकटलेला की दोन दिवस तेल सोडूनही हलला नाही, शेवटी कापावा लागला. तेव्हापासून आल्या आल्या पहिल्या आठवड्यात मी हे स्वतः उघडतो.

आधी मोबाइलवर फोटो काढा, कुठला बोल्ट कुठल्या बाजूने जातो आणि प्लेटचं तोंड कुठे ते दिसेल असा. मागचं चाक उचला. आता ज्या जागी मी पहिल्यांदा दोन तास घालवले ती जागा: नट निघतो, बोल्ट निघत नाही, आणि माणूस हातोडी घेतो. हातोडी ठेवून द्या. चाक लटकतंय म्हणून त्याचं वजन बोल्टवर आलेलं असतं. टायरखाली लाकडाचा ठोकळा, त्यावर पातळ पट्ट्या, असं करत चाक मिलिमीटर मिलिमीटर वर घ्या, एका उंचीला बोल्ट बोटाने सरकतो. तीच उंची बरोबर, बसवतानाही तीच लागेल.

बुश काढताना खाली ताट ठेवा, काही बेअरिंगला पिंजरा नसतो, सुया सुट्या असतात आणि घरंगळतात. मोजून ठेवा. केरोसीनने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग बोट फिरवून बघा: बुशवर नखाला लागेल अशी चर असेल तर बुश आणि बेअरिंग दोन्ही बदला, एकच बदललं तर नवीनही काही महिन्यांत जातं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो, तो घेऊन बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसीच्या (औद्योगिक वसाहतीच्या) बाजूला बेअरिंगच्या दुकानांत विचारा. ग्रीस पाण्याला टिकणारं घ्या, बोटीला वापरतात तसलं, आणि सुयांमधे दाबून भरा, वरून लिंपलेल्या ग्रीसचा उपयोग नाही. सीलच्या ओठाला पण लावा, बोल्टच्या मधल्या भागालाही पातळ थर, आट्यांवर नको. टाइट करायचं ते टॉर्क रेंचने, आकडा तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला, मित्राच्या बाईकचा नाही.

हँडलचा नेक तेवढ्यातच बघून घ्या, पुढचं चाक उचलून हँडल हळू फिरवा, मधोमध अडल्यासारखं वाटलं तर तिथलं बेअरिंगही गेलं.

सगळं बसलं की प्रत्येक नटवर मार्करने रेघ मारा, नटवरून प्लेटवर जाईल अशी. आजवा तलावापर्यंत एक चक्कर मारून या, घरी आल्यावर रेघा जुळतायत का बघा, आणि पाऊस सुरू व्हायच्या आधी परत एकदा.