नागपुरात बसून रत्नागिरीची जमीन आणि वस्ती कशी अभ्यासावी

पूर, दरड किंवा वादळ आले की किनारी जिल्ह्यात आधी कोण सापडते, हे जमिनीचा वापर आणि वस्ती एकाच नकाशावर मांडल्याशिवाय कळत नाही. भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हे काम नागपुरातही करता येते, कारण महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र आपल्याच शहरात आहे.

सुरुवात जनगणनेच्या गावनिहाय तक्त्यांपासून करावी. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६,९६,७७७ होती, ती २०११ मध्ये १६,१५,०६९ झाली, आणि दर हजार पुरुषांमागे स्त्रिया १,१२२ होत्या. कर्ते पुरुष मुंबईला आणि घरी बायका, म्हातारी माणसे, असा त्याचा अर्थ असल्याने एकूण लोकसंख्येपेक्षा साठीपुढच्या माणसांचा आकडा मला अधिक मोलाचा वाटतो. शिवाय गणपतीला, म्हणजे पावसाळ्यातच, चाकरमानी परततात आणि गावे भरतात; म्हणून वस्तीचे दोन नकाशे करावेत, एक एरवीचा आणि एक गणपतीतला.

मग जमीन. काळ्या, सपाट मातीची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांची इथे हमखास फसगत होते. माझ्या एका विद्यार्थिनीने उपग्रहचित्रावरून सगळा कातळसडा, म्हणजे जांभ्या खडकाचे उघडे पठार, ‘पडीक’ म्हणून पिवळा रंगवला होता. चित्र मोठे करून पाहिल्यावर त्याच पिवळ्यात हापूसच्या कलमांच्या सरळ ओळी दिसल्या. सडा, उतारावरच्या बागा, सखल भागातली भातशेती आणि खाडीकाठची खाजणे (भरतीचे खारे पाणी शिरणाऱ्या सखल जमिनी) यांना निरनिराळे रंग द्यावेत.

धोक्याचा थर, म्हणजे पूर-दरडीची माहिती दाखवणारा नकाशा, तालुक्याच्या हद्दीत कापू नये, नदीचे पूर्ण खोरे घ्यावे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडाले, ते केवळ शहरात पडलेल्या पावसाने नव्हे: तिथल्या वाशिष्ठी नदीला सह्याद्रीच्या उतारावरचे पाणी मिळते, कोयना प्रकल्पात वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही कोळकेवाडी धरणामार्गे तिलाच येते, आणि खाली खाडीला भरती असली की पुराचा निचरा मंदावतो. म्हणून भरतीचे पाणी नदीत कुठवर चढते, ती रेघ नकाशावर आवर्जून काढावी.

शेवटी थर एकमेकांवर ठेवताना गावाची सारी लोकसंख्या एका टिंबात घालू नये. कोकणातले गाव म्हणजे दूरदूर विखुरलेल्या वाड्या. एक वाडी सड्यावर सुरक्षित असते, तर दुसरी डोंगराच्या पायथ्याशी, दरडीच्या थेट वाटेत. टिंब वाडीवर द्यावे, आणि त्या वाडीतून बाहेर पडायला एकच साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) असेल, तर त्यावरही खूण करावी.