फळीवरचं पिवळं डेंड्रोबियम: लागवडीपासून प्रदर्शनापर्यंत

लहान ऑर्किडांचा छंद लावून घ्यायचा तर सुरुवात डेंड्रोबियम लिंडलेयी आणि डेंड्रोबियम जेनकिन्सी या जोडीपासून करावी. दोन्ही ईशान्य भारतात आणि म्यानमार, थायलंडकडे झाडांच्या सालीवर वाढतात. तिकडे हिवाळा कोरडा असतो आणि उन्हाळ्यानंतर जोरदार पाऊस पडतो. त्यामुळे पुणे-नाशिकच्या हवेत ती सहज रुळतात, मुंबई-कोकणातही थोडी काळजी घेतली की फुलतात. मस्देवालिया किंवा लेपँथिस ही ऑर्किडं फोटोत कितीही मोहक दिसली, तरी ती थंड, धुक्याच्या डोंगरांतली आहेत. आपल्या मे महिन्यात ती तग धरत नाहीत.

लिंडलेयीचा लोंबता तुरा दहा-पंधरा फुलांचा असतो, जेनकिन्सीला एका वेळी एक ते तीन फुलं येतात. फुलांचा तुरा सोडून रोप सुमारे १५ सेंटीमीटरच्या आत असेल तर ते सहसा मिनिएचर धरतात. जेनकिन्सीचे बल्ब (पाणी साठवणारे फुगीर खोडाचे भाग) जेमतेम २-३ सेंटीमीटरचे असल्यामुळे ते या मापात आरामात बसतं. जोमानं वाढलेलं लिंडलेयी मात्र मर्यादेला टेकतं, म्हणून प्रदर्शनात मिनिएचर म्हणून नाव नोंदवण्याआधी रोप मोजून घ्यावं.

रोप घेताना

नर्सरीत बियांपासून किंवा विभाजनातून वाढवलेलं रोपच घ्यावं आणि बिल जपून ठेवावं. जगातली सगळी ऑर्किडं साइट्स या वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराखाली येतात. जंगलातून ओरबाडलेलं रोप ओळखता येतं: मुळं एका रेषेत कापलेली, पानांवर दगडफूल आणि जुन्या किडीची भोकं, बल्बांना चिकटलेले सालीचे तुकडे. असं रोप स्वस्त मिळतं आणि बहुतेकदा मुळांअभावी वर्षभरात मरतं. विकत घेणारे थांबले तरच ही तोड थांबेल. सह्याद्रीतल्या आमरींनाही (रानटी ऑर्किडांनाही) हेच लागू आहे.

पाच-सहा बल्बांपेक्षा लहान तुकडा घेऊ नये. तो सावरेपर्यंत दोन-तीन वर्षं जातात.

फळीवर बांधणं

कुंडीपेक्षा फळी बरी, कारण या मुळांना भिजल्यावर काही तासांत सुकायची सवय असते. १५ × २० सेंटीमीटरची खरबरीत सागाची फळी किंवा घट्ट सालीची जाड फांदी वापरावी. साल सुटणारी फांदी नको, सालीबरोबर मुळंही सुटतात. नारळाच्या सोडणाचे तुकडे वापरायचेच असतील तर तीन-चार दिवस रोज पाणी बदलत भिजवावेत, त्यांत क्षार असतात. शिवाय ते दोन-तीन वर्षांत कुजतात आणि नेमकं भरात आलेलं रोप हलवावं लागतं.

बांधायची वेळ म्हणजे नवी मुळं फुटायच्या बेताला, साधारण एप्रिल-मेमध्ये फुलं संपल्यावर. मुळांची टोकं हिरवी दिसू लागली की ती आठवड्या-दोन आठवड्यांत लाकूड पकडतात. डिसेंबरात बांधलेलं रोप महिनोन् महिने सैल लोंबकळत राहतं. मेलेली, पोकळ मुळं कापून टाका. फळीवर स्फॅग्नम मॉसचा फक्त बोटभर पातळ थर द्या, त्यावर रोप मध्यभागी टेकवा आणि मासेमारीच्या नायलॉन दोऱ्यानं घट्ट बांधा. जराही हललं तर नवी मुळं टोकाशीच घासून मरतात. तांब्याची तार अजिबात नको, ऑर्किडांना तांबं मानवत नाही. याच कारणानं कॉपर ऑक्सिक्लोराइड किंवा बोर्डो मिश्रणही डेंड्रोबियमवर फवारू नये.

पूर्वेची किंवा आग्नेयेची गॅलरी आणि ५० टक्के शेडनेट पुरते, एप्रिल-मेमध्ये ७५ टक्के लावावं. पानांचा रंग गडद हिरवा असेल तर उजेड कमी पडतोय आणि फुलं येणार नाहीत. किंचित पिवळसर हिरवा रंग हवा.

पाणी, खत आणि हिवाळ्याची विश्रांती

मे ते सप्टेंबर या वाढीच्या काळात रोज सकाळी भरपूर पाणी द्यावं, कडक उन्हाळ्यात संध्याकाळीही एक फवारा. पावसाचं पाणी सर्वांत उत्तम. टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १०० पीपीएमच्या आत असेल तर छानच, २०० पर्यंत चालतं. बोअरचं जड पाणी वर्षभर घातलं की मुळांची टोकं काळी पडतात आणि लाकडावर पांढरा थर जमतो.

खत आठवड्यातून एकदा: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात) लिटरला अर्धा ग्रॅम. दर तिसऱ्या आठवड्याला त्याऐवजी कॅल्शियम नायट्रेट, तेही अर्धा ग्रॅम. दोन्ही एकत्र कालवू नयेत, फॉस्फेट आणि कॅल्शियमचा साका बसतो आणि दोन्ही वाया जातात. सप्टेंबरअखेर खत बंद.

नोव्हेंबरपासून मात्र हात आवरायला हवा, आणि बहुतेकांचं इथंच बिनसतं. तेव्हापासून फेब्रुवारीपर्यंत पाणी जवळजवळ थांबवायचं. दहा-पंधरा दिवसांतून एकदा सकाळी हलका फवारा, तोही बल्ब फारच आकसले तरच. बल्बांवर खोल खाचा पडतात, रोप केविलवाणं दिसतं आणि हात पाण्याकडे जातो. पण उजेड भरपूर, रात्री गार आणि मुळं कोरडी, याच खुणेवर हे डेंड्रोबियम कळ्या धरतं. हिवाळाभर पाणी मिळालेलं रोप पानं आणि फुटवे देतं, फुलं नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बल्बाच्या बाजूनं टोक दिसलं की लगेच पाणी सोडू नका. तुरा २-३ सेंटीमीटर होऊन त्यात कळ्या वेगळ्या दिसल्या की मगच हळूहळू पाणी वाढवा.

पावसाळ्यात धोका दोन गोष्टींचा. गोगलगायी रात्रीतून मुळांची कोवळी टोकं खातात, म्हणून फळ्या टांगलेल्याच ठेवाव्यात. बल्बाचा तळ काळा, पाणचट झाला तर तो निरोगी भागापर्यंत कापून जखमेवर दालचिनीची पूड लावावी आणि रोप काही दिवस पावसाबाहेर ठेवावं. पूड मुळांना लागू देऊ नका, ती सुकतात. कोकणात वरून पारदर्शक पत्रा टाकून बाजू मोकळ्या ठेवल्या की कूज बरीच टळते.

प्रदर्शनासाठी

परीक्षकांच्या नजरेत भरतो तो जुना, न तोडलेला गुच्छ. फळीभर पसरलेल्या बल्बांतून एकाच वेळी दहा तुरे सुटतात तेव्हा एखाद्या मोठ्या फुलाची गरज राहत नाही. म्हणून मित्रांनी कितीही मागितलं तरी प्रदर्शनाच्या रोपाचं विभाजन करू नये. अमेरिकन ऑर्किड सोसायटीच्या पद्धतीत फुलाच्या गुणवत्तेला ७५ ते ७९ गुणांवर एचसीसी (हायली कमेंडेड सर्टिफिकेट), ८० ते ८९ वर एएम (अवॉर्ड ऑफ मेरिट) आणि ९० पासून एफसीसी (फर्स्ट क्लास सर्टिफिकेट) मिळतं. उत्तम जोपासनेचे सीसीएम (सर्टिफिकेट ऑफ कल्चरल मेरिट) आणि सीसीई (सर्टिफिकेट ऑफ कल्चरल एक्सलन्स) हे पुरस्कार वेगळे असून ते रोपाला नव्हे, वाढवणाऱ्याला दिले जातात. लहान प्रजातींच्या छंदिष्टांनी लक्ष्य ठेवावं ते हेच. आपल्याकडच्या प्रदर्शनांचे नियम निरनिराळे असतात, ते आधी वाचावेत.

तुरा दिसल्यापासून फळीची दिशा बदलू नका. उजेडाची बाजू बदलली की फुलं वेडीवाकडी वळतात आणि ती पुन्हा सरळ होत नाहीत. फुलं फार टिकत नाहीत, उष्म्यात तर आठवड्याभरातच मान टाकतात. त्यामुळे उमलायला लागलेलं रोप सावलीच्या, गार जागी न्यावं आणि मधमाश्यांपासून जपावं, कारण परागण झालेलं फूल लगेच मावळतं.

आदल्या दिवशी पानांवरचा क्षार पाण्यात लिंबाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्यानं पुसा. तेल किंवा चकाकीचा फवारा नको. वाळलेली पानं आणि कोमेजलेली फुलं काढा. चिठ्ठीवर प्रजातीचं पूर्ण नाव लिहा. बाजारात अजून ‘अ‍ॅग्रिगेटम’ म्हणून विकतात, पण आजचं स्वीकृत नाव लिंडलेयी आहे. गाडीत फळी उभी, हलणार नाही अशी बांधा आणि त्याच गाडीत आंब्याची पेटी ठेवू नका. पिकत्या फळांतून निघणाऱ्या इथिलीननं उमललेली फुलं कोमेजतात, कळ्या गळतात.

घरी परतल्यावर रोप दोन-तीन आठवडे इतरांपासून लांब ठेवा. प्रदर्शनाच्या गर्दीतून पिठ्या ढेकूण आणि खवलेकीड हमखास येते. दिसली तर ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलात बुडवलेल्या ब्रशनं पुसून काढा आणि आठवड्यानं पुन्हा तपासा. सुकलेले तुरे तळाशी कापा, मग रोजचं पाणी आणि अर्ध्या ग्रॅमचं खत सुरू करा.