रोजच्या मेकअपमध्ये मस्कारा लावताना या चुका टाळा

पापण्यांच्या केसांवर गुठळ्या दिसू लागल्या किंवा दुपार होईपर्यंत डोळ्यांखाली काळे उतरले, की दोष बहुतेक वेळा मस्काराच्या ब्रँडवर जातो आणि नवी ट्यूब खरेदी केली जाते. या तक्रारींचे मूळ मात्र बहुधा लावण्याच्या पद्धतीतच असते. ब्रशवर मस्कारा किती घेतला आणि तो ओला असताना व वाळल्यानंतर काय केले, यावर बरेचसे अवलंबून असते.

ब्रशवर जास्त मस्कारा घेणे

ट्यूबमध्ये ब्रश भराभर आतबाहेर करण्याची सवय अनेकींना असते. त्यामुळे ब्रशवर जास्त मस्कारा येतो खरा, पण प्रत्येक वेळी हवाही आत ढकलली जाते आणि मिश्रण लवकर घट्ट होऊ लागते. त्याऐवजी ब्रश आतल्या आत एकदोनदा गोल फिरवावा आणि ट्यूबच्या तोंडाशी असलेल्या अरुंद कडीला टेकवत सावकाश बाहेर काढावा. तरीही ब्रशच्या अगदी टोकाला एक लहानसा गोळा राहतोच आणि पापणीवरची पहिली गुठळी बहुधा त्याचीच असते. तेवढे टोक टिश्यू पेपरवर हलकेच टिपून घ्यावे. ब्रश जवळजवळ रिकामा वाटला तरी चालेल. रोजच्या साध्या मेकअपला एवढा मस्कारा पुरतो.

केसांच्या टोकांवरच रंग चढवणे

आरसा समोर, डोळे सताड उघडे आणि ब्रश केसांच्या टोकांवरून फिरतो आहे, अशा रीतीने लावलेला मस्कारा टोकांना जड करतो आणि पापण्यांचे केस खाली झुकतात. आरसा हनुवटीच्या खाली धरून खाली पाहिले, तर वरच्या पापणीच्या केसांची मुळे स्पष्ट दिसतात. ब्रश तिथे टेकवून अगदी थोडासा डावीउजवीकडे हलवावा आणि मग एकाच ओघात वर ओढावा. मुळाशी रंग दाट आणि टोकाकडे विरळ राहिला, की केस उचललेले दिसतात. खालच्या पापणीसाठी ब्रश उभा धरून केवळ टोकाने स्पर्श करावा; रोजच्या वापरात हा भाग वगळला तरी काही बिघडत नाही आणि डोळ्यांखाली काळे येण्याचे एक कारणही कमी होते.

दुसरा थर द्यायचा असेल, तर पहिला थर किंचित ओलसर असतानाच द्यावा. म्हणूनच दोन्ही डोळ्यांना आलटूनपालटून थर देण्यापेक्षा एक डोळा पूर्ण करून दुसऱ्याकडे वळणे मला अधिक योग्य वाटते. पूर्ण वाळलेल्या थरावर पुन्हा ओला मस्कारा चढवला, तर केस एकमेकांना चिकटतात आणि काही वेळाने त्याचे कण गालावर पडू लागतात. गुठळी वाळून गेलीच असेल, तर ती आणखी मस्कारा लावून सारखी होत नाही. स्वच्छ, कोरड्या ब्रशने मुळाकडून टोकाकडे विंचरून ती मोकळी करावी.

मस्कारा लावल्यानंतर कर्लर वापरणे

आयलॅश कर्लर, म्हणजे पापण्यांचे केस दाबून वर वळवणारा चिमटा, नेहमी मस्काराच्या आधी वापरावा. मस्कारा लावलेले केस कडक झालेले असतात आणि कर्लरच्या रबराला चिकटून तुटू शकतात किंवा मुळापासून निघू शकतात. कर्ल केलेले केस मस्कारा लावताच पुन्हा सरळ होत असतील, तर तो पाण्याचा अंश जास्त असलेला मस्कारा असण्याची शक्यता मोठी आहे. अशा केसांवर वॉटरप्रूफ मस्कारा वळण अधिक चांगले धरून ठेवतो.

पापणीच्या त्वचेवर काळा ठिपका पडला, तर तो लगेच पुसू नये. ओला मस्कारा पुसला की आयशॅडोसकट पसरतो. थोडे थांबून तो वाळू द्यावा आणि मग कोरड्या कॉटन बडने हलकेच खरवडावा. ठिपका सुटून पडतो.

पसरण्यावर वॉटरप्रूफ हाच उपाय समजणे

हा गैरसमज फार पसरलेला आहे आणि त्यामुळे पैसेही वाया जातात. वॉटरप्रूफ मस्कारा पाणी आणि अश्रूंपुढे टिकतो, पण तेलापुढे त्याचा निभाव लागत नाही. त्वचेचे नैसर्गिक तेल, दाट आय क्रीम किंवा ओलसर कन्सीलर (डाग व काळी वर्तुळे झाकणारे प्रसाधन) मस्कारातील मेण हळूहळू मऊ करतात आणि रंग खाली उतरतो. ज्यांच्या पापण्या तेलकट आहेत, त्यांनी आय क्रीम पूर्ण जिरू द्यावे, जास्तीचे टिपून घ्यावे आणि डोळ्यांखाली लूज पावडरचा पातळ हात फिरवावा. एवढ्यानेही भागत नसेल, तर ट्यूबिंग मस्कारा वापरून पाहावा. तो प्रत्येक केसाभोवती पॉलिमरचे पातळ आवरण तयार करतो, तेलाने सहसा पसरत नाही आणि कोमट पाण्याने भिजवून हलकेच ओढला की बारीक नळ्यांसारखा निघून येतो.

वॉटरप्रूफ मस्कारा काढायला मात्र तेलयुक्त रिमूव्हरच लागतो. रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस मिटलेल्या डोळ्यावर 20 ते 30 सेकंद नुसता धरून ठेवावा आणि मग खालच्या दिशेने पुसावा. घासत बसल्यास केस तुटतात आणि डोळ्यांची आग होते. रात्री मस्कारा तसाच ठेवून झोपल्यास पापण्यांच्या कडेच्या तेलग्रंथी बुजू शकतात, तिथे दाह होऊ शकतो आणि रांजणवाडीचा धोकाही वाढतो.

जुनी ट्यूब पुरवून पुरवून वापरणे

उघडलेला मस्कारा साधारणपणे 3 ते 6 महिन्यांत बदलावा; वेष्टनावर उघड्या डबीचे चिन्ह आणि त्यात महिन्यांचा आकडा छापलेला असतो. सुकलेल्या मस्कारात पाणी किंवा थुंकी घालून तो पातळ करण्याचा प्रकार कृपया कधीच करू नये, कारण त्यामुळे जंतू आत जातात आणि मिश्रणातील संरक्षक घटकांची ताकद कमी होते. मस्कारा कोणाशीही वाटून वापरू नये, अगदी सख्ख्या बहिणीशीही नाही. कॉन्टॅक्ट लेन्स मेकअपच्या आधी घालाव्यात आणि मेकअप उतरवण्यापूर्वी काढाव्यात. डोळे आले किंवा पापणीला संसर्ग झाला, तर बरे होईपर्यंत मस्कारा बंद ठेवावा आणि त्या काळात वापरलेली ट्यूब निम्मीअधिक भरलेली असली तरी टाकून द्यावी.